एकाच छापाची माळ

आश्विन लागला की आमच्या बांध्यांतला, म्हणजे भातखाचरांतला, धान दुधावर येतो. लोंबी दोन बोटांत दाबली की पांढरा थेंब बाहेर येतो आणि शिवारावर कच्च्या तांदळाचा गोडसर, ओलसर वास दिवसभर रेंगाळतो. नागपूरला नोकरीत होते तेव्हा मी या वासासाठी झुरायचे. साकोलीला उतरून सानगडीकडची एसटी धरली की खिडकीशी बसायचे आणि पहिली बांधी दिसली की छातीभर श्वास घ्यायचे. आता निवृत्त होऊन गावातच राहते, दादाच्या घराच्या अर्ध्या भागात. वास दारापर्यंत येतो, उशाशी येतो. पण त्याच्या मागोमाग हल्ली दुसरा एक वास येतो, सडक्या अंड्यांचा. तो खरा नसतो, माझ्याच डोक्यातून येतो, हे मला कळतं. तरी हातातला चहा खाली ठेवावा लागतो.

त्या नवरात्रापासूनचं हे आहे.

आमच्या गावची देवी तलावाच्या पाळीवर बसते. देऊळ लहान, मूर्ती त्याहून लहान, शेंदराने नाकडोळे बुजत आलेले. तिच्याजवळ दागिना म्हणावा असा एकच होता, जुन्या रुपयांची माळ. फार पूर्वी एका सालात पाऊस असा झाला की तलावाची पाळ खचायला आली. गावाने रात्रंदिवस माती टाकून ती धरली, आणि धान घरात आल्यावर प्रत्येक घराने देवीला एकेक रुपया दिला. भोसल्यांच्या काळातले ते रुपये, चांदीचे, जाड आणि बुटके. त्यांना कड्या जोडून माळ केली. माळ वर्षभर देवळाच्या समितीच्या पेटीत असायची. अष्टमीला ती देवीच्या गळ्यात पडायची आणि त्याआधी, घट बसत त्या दिवशी, गावच्या बायका ती उसवून, रिठ्याच्या पाण्यात धुऊन, नव्या दोऱ्यात ओवायच्या.

मी लहान असताना आई मला मांडीवर घेऊन त्या घोळक्यात बसायची. डोळे मिटून परातीत हात घालायची, चाचपायची आणि एक रुपया वर काढायची. "हा आपला," म्हणायची. आमच्या रुपयाला काठावर एक चीर होती, तांदळाचा दाणा जाईल एवढी. शेजारणीचा एका अंगाने चपटा होता. भाऊरावकाकांच्या घरचा, म्हणजे माझ्या वडिलांच्या चुलतभावाच्या घरचा, त्यावर सराफाने मारलेली फुलासारखी खूण होती आणि खुणेच्या बाजूला एक खोक. प्रत्येक बाईला आपल्या घरचा रुपया बोटांनी ओळखू यायचा. सासू सुनेला तो दाखवायची, तेवढ्याने ती सून त्या घरची व्हायची.

पुढे मी नागपूरला एका संग्रहालयात नाण्यांच्या विभागात लागले, त्याचं मूळ त्या परातीत असावं. तिथे मला कळलं की आई जे बोटांनी करत होती त्याला कारण आहे. ते रुपये यंत्रातून निघालेले नव्हते. ऐरणीत एक ठसा बसवलेला, त्यावर चांदीची चकती, वरून दुसरा ठसा हाताने धरायचा आणि घण घालायचा. ठसा मोठा, चकती लहान. भोसल्यांच्या रुपयांवरही नाव दिल्लीच्या बादशहाचंच असायचं, त्या नावातली काही अक्षरं चकतीवर पडायची, काही हवेत जायची. घण तिरपा बसला की छाप एका अंगाला घसरायचा, काठ फाटायचा. म्हणून हाताने ठोकलेली दोन नाणी कधी हुबेहूब सारखी नसतात. एकाच ठशाची, एकाच माणसाने, एकाच दुपारी ठोकलेली असली तरी नसतात.

आणि खोटी नाणी नेमकी इथेच पकडली जातात. ती साच्यात ओतलेली असतात. अक्षरं वापरलेल्या साबणासारखी गुळगुळीत होतात, खळग्यांत सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात, काठावर साच्याची शिवण राहते, मग ती कानस मारून घालवतात. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे नक्कल असलीपेक्षा केसभर लहान असते. आणि ज्या नाण्यावरून साचा घेतला त्याची जखम प्रत्येक नकलेवर जशीच्या तशी उमटते. दोन नाण्यांना एकाच जागी एकच खोक दिसली की आम्ही पुढे काही पाहत नसू.

नकलेबद्दल मला राग नव्हता. संग्रहालयातच आम्ही नकला करून घेत असू, मागे ठळक 'नक्कल' असं कोरून. शाळेची पोरं त्या हातात घेत, दातांनी चावून पाहत. जी नक्कल स्वतःला नक्कल म्हणवते ती निरागस वस्तू आहे. शिसारी येते ती असलीच्या जागी मुकाट्याने येऊन बसलेल्या नकलेची. घरातला माणूस गेलाय हे न सांगता त्याचे कपडे घालून कोणी ताटावर येऊन बसावं, तसं.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच नवरात्रात मंदावहिनी म्हणाली, "नलूबाई, यंदा तुमी चाला धुवायले. तुमचं तर कामच होतं नाण्यायचं."

मंदावहिनी दादाची बायको. माझ्याहून मोठी, उंच, कमी बोलणारी. रोवणीच्या वेळी बांधीत उतरली की तिच्या ओळीला दोरी लावावी लागत नाही असं गावात म्हणत. आम्ही देवळाच्या चौथऱ्यावर बसलो. समितीच्या पेटीतून माळ आली. वहिनीने दोरा कापला, रुपये परातीत सोडले आणि त्यांवर रिठ्याचं कोमट पाणी ओतलं.

तो वास तेव्हा आला. सडक्या अंड्यांचा. बायकांनी पदर नाकाला लावले. एक जण म्हणाली, तलावात काही मेलं असंन. मी मात्र परातीकडे पाहत होते. पाणी काळं होत चाललं होतं आणि बोटांना काजळीसारखं काही लागत होतं. हा वास मला नोकरीतून ओळखीचा होता. नव्या धातूला जुनाट दिसावं म्हणून गंधकाचं पाणी लावतात, त्याचा तो वास. खरी चांदी जुनी होते तेव्हा तिला वास येत नाही. ती निमूटपणे काळी पडते.

मी एक रुपया उचलला. फुलासारखी खूण, शेजारी खोक. बरं वाटलं, काकांच्या घरचा. दुसरा उचलला. फुलासारखी खूण, शेजारी खोक. तिसराही तसाच. मी परात तिरपी केली आणि पाणी एका कडेला गेलं. त्या उघड्या पडलेल्या ढिगातून एकच खूण, एकच खोक माझ्याकडे पुन्हा पुन्हा पाहत होती. एकाच चेहऱ्याची माणसं घरात शिरून चुलीभोवती बसलेली दिसावीत तसं झालं.

वहिनी माझ्या शेजारी डोळे मिटून चाचपत होती. मग हात बाहेर काढून पदराला पुसला.

"मले आपला रुपया सापडत नाही आताशा," ती हळू म्हणाली. "बोटं मेली माझी. साकोलीच्या डॉक्टरले दाखवलं, तो म्हणे नसा कमजोर झाल्या. गोळ्या देल्या त्यानं. खाऊन राहिली मी, पण फरक काही पडत नाही."

मला तिला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण आधी समितीच्या अध्यक्षांना विचारावं असं वाटलं. अध्यक्ष भाऊरावकाकाच होते.

काका घरापुढच्या छपरीत शिंगाडे सोलत बसले होते. तलावातला पहिला उतारा, तिथे मासे धरणाऱ्या ढिवरांनी सकाळीच आणून दिलेला. सत्तरी ओलांडलेला, नेहमी धुतलेल्या धोतरातला, कोणाशी चढ्या आवाजात न बोलणारा माणूस. माझ्या शिक्षणासाठी माझ्या वडिलांजवळ शब्द टाकणारेही तेच होते.

"बैस नलू. शिंगाडे घे, कोवळे आहेत."

"काका, माळेतले रुपये खोटे आहेत."

त्यांचे हात थांबले नाहीत. "खोटे कायले म्हणतं? नक्कल आहे ते."

"असली कुठं आहेत?"

"आहेत. सांभाळून ठेवले. आजकाल देवळात चोऱ्या किती होऊन राहिल्या, तुले मालूम आहे न."

"मग मला पाहू द्या."

त्यांनी एक शिंगाडा तोंडात टाकला, सावकाश चावला, गिळला. हिरवं साल नखाने बाजूला सरकवलं.

"हे पाह्य," ते म्हणाले, "तू शिकली-सवरली आहेस, तुझ्याजवळ कायले लपवू. विकले ते. समितीनं बसून ठरवलं आणि विकले. एक पैसा कोणी खाल्ला नाही. देवीच्या पैशातून देवीचंच गेट झालं. सारं गाव त्याच गेटातून येते-जाते."

गेट मी पाहिलं होतं. काळ्या चकचकीत दगडाचं, सोनेरी अक्षरांत समितीच्या सभासदांची नावं असलेलं. तलावाच्या त्या शांत पाळीवर ते एखाद्या मंगल कार्यालयासारखं उभं असतं.

"कोणी घेतले? नागपूरच्या एखाद्या संग्राहकानं?"

"त्याले दाखवले होते. तो म्हणे, कडी जोडलेला रुपया शौकीन लोक घेत नाही. मंग सोनारालेच देले. चांदी म्हणून."

"म्हणजे गाळले."

"गाळले असतीन," काका म्हणाले आणि दुसरा शिंगाडा उचलला.

ती चीर, ते चपटं अंग, आईच्या बोटाखालून गेलेलं ते सगळं एका मुशीत एकत्र वितळलेलं मला दिसलं.

"बायकांना का नाही सांगितलं?"

"तुमी बायका चार गोष्टी कराल, गावात गलबला होईन. आणि फरक काय पडला, सांग? पाच-सहा साल झाले, घासूनच राहिल्या न? रंग गेला की सोनार पुन्हा काळे करून देते. कोणाले समजलं?"

हे त्यांनी खोडसाळपणे विचारलं नव्हतं. खरंच त्यांना वाटत होतं की ज्याला समजलं नाही त्याचं काही गेलं नाही. चोर असता तर बरं झालं असतं. चोराचा तिरस्कार करता येतो आणि हात झटकता येतात. इथे समोर एक नीटनेटका, प्रेमळ म्हातारा बसला होता आणि मला आपुलकीने शिंगाडे देत होता. मी एक हातात घेतला होता. तो बोटांत गिळगिळीत लागला. अंगणातल्या तुळशीमागे टाकून मी निघाले.

घरी दादा जेवायला बसला होता. वहिनी वाढत होती. मी उंबऱ्याशी उभी राहून, जे होतं ते सगळं सांगितलं. गंधकाचं पाणी, एकच खोक, सोनार, गेट. मी थांबल्यावर वहिनी दादाकडे वळली.

"तुमाले मालूम होतं?"

गेटवर दादाचंही नाव आहे. तिने ते रोज वाचलेलं आहे.

"ठरलं तेव्हा होतो मी," दादा भातात बोट फिरवत म्हणाला.

"मले डॉक्टरकडं घेऊन गेले तुमी. मोटारसायकलवर. तेव्हाबी मालूम होतं?"

दादाने वरणाची वाटी पुढे ओढली. "काका म्हणे, कोणाले सांगू नका."

"मी इतली लांब बसून गेली. सुई टोचून पाह्यली त्यानं माझ्या बोटाले. तुमी बाजूलेच उभे होते."

दादाने पुढचा घास घेतला. माझ्या सख्ख्या भावाचा तो चावणारा जबडा मी पाहिला आणि मला मान फिरवावी लागली. वहिनी आत गेली, फळीवरची गोळ्यांची पाकिटं घेऊन आली आणि त्याच्या ताटाशेजारी, मीठ-लोणच्याच्या जागी ठेवली. मग घरामागच्या सांदवाडीत जाऊन भांडी घासायला बसली. तिच्या बोटांत काही बिघाड नव्हता, हे तिला तेवढ्यात कळलं होतं, आणि त्या कळण्याचा आनंदसुद्धा तिला कोणी ठेवला नव्हता.

मी त्या आठवड्यात पुष्कळ विचार केला. माणसं म्हणतात, भाव महत्त्वाचा, वस्तू नाही. देवीला पितळही चालतं. चालत असेल. तिला मातीचा दिवा चालतो, रानफूल चालतं. पण पितळ देऊन चांदी म्हणणं तिला चालतं असं कोणी विचारून आलंय? आणि खरी फसवणूक देवीची नव्हतीच. ज्या बाईची बोटं खरं सांगत होती तिला तिचीच बोटं खोटी ठरवायला लावलं, ती फसवणूक होती. रुपये तर गेलेच, त्यांच्याबरोबर बायकांचा स्वतःच्या स्पर्शावरचा भरवसाही मुशीत टाकला. मागून कळलं, वहिनी एकटी नव्हती. शेजारणीने चष्म्याचा नंबर बदलून घेतला होता. दुसऱ्या एकीने सुनेला रुपया दाखवायचंच सोडून दिलं होतं, कारण आपल्याला म्हातारचळ लागला असं तिने धरलं होतं. त्या एकमेकींशी यातलं काहीच बोलल्या नव्हत्या.

सप्तमीला काकींनी मला बोलावणं पाठवलं. काकी म्हणजे भाऊरावकाकांची बायको, वाकलेली, मऊ स्वभावाची. गावात काहीतरी कुजबुज चाललीय एवढंच त्यांना कळलं होतं.

"माळेतले रुपये खोटे निघाले म्हणतेत बाई. पण आमचा तर चांगला आहे. ह्यांनी मांगंच घरी आणला. म्हणे, साचा घ्यायले नेलता, आता आपल्याजवळच राहू दे."

त्यांनी देव्हाऱ्यातून तो काढून माझ्या हातावर ठेवला. मला वजनावरूनच कळलं. मग खूण, मग खोक, खोकीच्या आतल्या धारेला चांदीचा तो जुना, खोल रंग. अक्षरं उठावदार, कडा घणाच्या माराने किंचित पसरलेल्या. खरं नाणं हातात आल्यावर इतकी वर्षं जे व्हायचं तेच झालं, तळहात सुखावला. आणि त्याच क्षणी अंगभर किळस पसरली. सगळ्या गावाचे रुपये मुशीत घालून या माणसाने आपला तेवढा उचलून देव्हाऱ्यात ठेवला होता, आणि त्याच्याच नकला देवीच्या गळ्यात घातल्या होत्या. आता ती माळ एकट्या त्यांच्या घराची होती.

"बाकीचे कुठं आहेत मंग?" काकींनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी रुपया परत घेतला नाही. पदरात हात लपवले. शेवटी मीच तो देव्हाऱ्यात ठेवून आले.

अष्टमीला सकाळी बायका जमल्या. हळद, कुंकू, धानाच्या लोंब्या, झेंडू. देवीला स्नान झालं, साडी नेसवली. काळेपणा धुऊन गेलेले, मुलाम्याने चकाकणारे रुपये थाळीत तसेच पडून होते. वहिनीकडून खरं कळल्यावर कोणी ओवायला बसलं नव्हतं. समितीची मंडळी गाभाऱ्याबाहेर सतरंजीवर बसली होती, काका मध्ये, दादा त्यांच्या बाजूला. वहिनीने थाळी उचलली आणि त्यांच्यापुढे नेऊन ठेवली.

"हे समितीचं आहे जी. समितीनं ठेवावं."

काका खालच्या आवाजात म्हणाले, "मंदा, सणाचा दिवस आहे. देवी उघडी दिसून राहिली."

"दिसू द्या. तिचं काय गेलं ते लोकायले दिसू द्या."

वहिनी परत गाभाऱ्यात गेली. तेवढ्यात पायऱ्या चढून काकी आल्या. हातात लाल फडक्याची पुरचुंडी. त्यांनी ती देवीपुढे सोडली, रुपया बाहेर काढला. राखेने घासून लख्ख केलेला. बायकांनी वाट दिली. काकींनी तो वहिनीपुढे धरला.

"हा असली आहे, मंदा. हा तरी घाला."

वहिनीने काकींचे दोन्ही हात रुपयासकट आपल्या हातांत धरले. "काकी, तुमचा राग नाही. पण घरोघरचा एक होता, तेव्हा ते माळ होती. आता एका घराचा हा एकटा कसा घालू तिच्या गळ्यात?"

काकी गाभाऱ्याबाहेर आल्या, नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि रुपया थाळीत टाकला. तो ढिगावर पडला, घरंगळला, आत शिरला. थाळीत पूर्वीसारखाच ढीग दिसू लागला. काकी मागे न पाहता बायकांच्या घोळक्यात जाऊन बसल्या.

काकांनी थाळी जवळ ओढली. एक रुपया उचलून पाहिला, फुलासारखी खूण, खोक. ठेवला. दुसरा उचलला. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. दादाने खिशातून चष्मा काढून लावला आणि तोही वाकला. दोघांची बोटं त्या ढिगात फिरू लागली. एक बाजूला काढायचे, पुन्हा त्यातच टाकायचे.

"नलू," काका म्हणाले, "आमचा कोणता आहे, सांग बरं."

मला तो उभ्या जागेवरून दिसत होता, थाळीच्या काठाशी, बाकीच्यांपेक्षा केसभर मोठा. मी काकांकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं आणि आत जाऊन वहिनीशेजारी उभी राहिले. तिने निरांजन पेटवलं. देवीचा गळा मोकळा होता, शेंदराखालचा काळा दगड तेवढा दिसत होता. बायकांनी आरती सुरू केली. ती संपेपर्यंत आमच्या पाठीमागून थाळीतल्या धातूचा खुळखुळ आवाज येत राहिला.